नाव तळावर लिहावे

मी, सुमती दाजी गुप्ते, वय ५९, अविवाहित, राहणार नवीन पनवेल, पोटातल्या गाठीने शरीर पोखरले असले तरी डोके शाबूत असताना, कोणाच्याही धाकाखाली न येता (मला धाक घालणारा अजून जन्मायचा आहे) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहती दोन खोल्यांची जागा व बँकेतील ठेव भरत पांडू घरत, राहणार बेलपाडा, यास द्यावी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षे त्याने माझ्या काचेच्या बशा धुतल्या आणि शिव्या खाल्ल्या.

२. पाठचा भाऊ अविनाश यास छदामही देऊ नये. वडील आम्हाला वेताच्या छडीने फोडून काढत. हा पलंगाखाली शिरे आणि त्याच्या वाटणीचे वळ माझ्या पाठीवर उठत. मयतीला आलाच तर भरतने त्याला जिन्यावरून ढकलून द्यावे. नको, ढकलू नये. रागात लिहिले. चहा पाजून दारातून परत पाठवावे. छडी कपाटामागे आहे. ती मी का जपली, देव जाणे. मोडून चुलीत घालावी.

३. फ्रीजमधल्या यीस्टच्या नळ्या कॉलेजने मागितल्यास द्याव्यात. यीस्टची पेशी क्षुद्र, पण माझ्याहून शहाणी. दोन होण्याआधी ती आपल्या डीएनएची प्रत काढते, प्रत पुरी झाली का, कुठे तुटली का, ते पाहते. क्ष-किरणांचा मारा केला तर अंगावर फुटलेल्या नव्या पेशीच्या कळीसकट आहे तिथेच थांबते, तुटलेले सांधते, मगच विभागते. मला असा वाण सापडला होता जो थांबतच नसे. तुटक्या डीएनएनिशी विभागत सुटे आणि थोड्याच पिढ्यांत मरून पडे. त्याच पेशींना औषध घालून चार तास बळेच रोखले, तर पुष्कळ जगत.

४. हे कलम सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे.

मार्च १९९० मध्ये माझा विद्यार्थी इंद्रजीत वैद्य याने माझा प्रयोग पुन्हा केला. साधा वाण आणि माझा वाण, दोन्हींच्या बशा मीच मांडून दिल्या होत्या. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "बाई, तुमचा वाण थांबतोय. साधाच मरतोय." मला वाटले, मेल्याने बशा बदलून माझे आठ वर्षांचे काम मातीत घातले. मी स्टँडची लोखंडी सळी उपसली.

"बाई, दोन मिनिटं थांबा, परत बघू या ना!"

थांबते कशाला! पहिला वार टेबलावर बसला, बशा फुटल्या. दुसरा त्याच्या उजव्या हातावर. तिसराही तिथेच, हाड मोडल्याचा आवाज ऐकल्यानंतर. ऐकल्यानंतर. वाचणाऱ्याने हा शब्द गिळू नये. काचांवर रक्त सांडत होते आणि मी किंचाळत होते, "चोर! चोर!"

वरिष्ठांनी कागद केला: कपाट अंगावर पडून अपघात. सही करण्याजोगा हात नव्हता, म्हणून इंद्रजीतकडून डावा अंगठा उठवून घेतला. मी गप्प बसले. पुढे त्याला पिपेट धरता आली नाही. हल्ली तो न्हावा शेव्याला कंटेनरची सीलं तपासतो.

तीन वर्षांनी भरत बोलला. "बाई, झाकना तुमीच बदलली. सकाली दोनी बशा उघडून बगितल्या नि याचा झाकान त्याला लावला. नावा झाकनांवरच व्हती."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमचे हातान सली व्हती."

जन्मभर मी पोरांच्या अंगावर ओरडले: नाव तळावर लिहा, झाकणं बदलतात! त्या दिवशी घाईत मीच झाकणावर लिहिले. प्रयोग परत केला. माझा वाण खरा होता आणि इंद्रजीतही खरा होता. मी त्याचा हात मोडला, त्याचे आयुष्य नासवले. मला त्याची लाज वाटते. सळी कपाटात आहे, पोलिसांनी मागितल्यास द्यावी.

५. कलम १ मध्ये आधी इंद्रजीतचे नाव होते. काल त्याला बोलावून सगळे वाचून दाखवले. तो उजव्या हाताची वाकडी बोटे चोळत बसला.

"घर नको, बाई. घर घेतलं की तुम्ही सुटलात."

"मग काय देऊ रे?"

"काही नको. साक्षीदार होतो. त्या खोट्या कागदावर माझा अंगठा आहे. याच्यावर सही करतो."

साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकील म्हणाले. म्हणून कलम १ मध्ये भरतचे नाव घातले आणि कागद नव्याने लिहिला.

वरील सर्व मी शुद्धीवर लिहिले असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. दुसऱ्या साक्षीदाराची सही वाकडी आहे. ती डाव्या हाताची आहे. तिच्यावर कोणी शंका घेऊ नये.

स्थळ: नवीन पनवेल
दिनांक: ४ फेब्रुवारी १९९६

सही: सुमती दाजी गुप्ते

साक्षीदार:
१. तुळशीराम काशिराम म्हात्रे, शेजारी
२. इंद्रजीत वैद्य