एकही खाडा नाही

३ डिसेंबर १९६५

शकुमावशी खोटं बोलते की मलाच वेड लागलंय? मागच्या महायुद्धात, लढाईच्या काळात, ती पुण्याकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात होती. काडतुसांत दारू भरायची. इथे जयपूरच्या कॉलेजात आमच्या प्राध्यापिका सुमित्राजी म्हणाल्या, अशा बायकांच्या आठवणी लिहून आणा, आपण पुस्तक काढू. उद्या सांगायला कोणी उरणार नाही. मला तर घरातच बाई सापडली — मी खुशीत! तर ही काल म्हणते, "तीन वर्षांत एक दिवस खाडा केला नाही." आणि आज मटार सोलता सोलता, "चार-चार महिने पाळी चुकायची गं आमची."

मग खाडे केले कोणी?

५ डिसेंबर

परत विचारलं. "पाळ्या तीन. मी पहिल्या पाळीला." बरं. आणि चुकायची? "चुकायची की. सगळ्यांचीच." पुढे पिवळ्या हातांचं सांगत बसली. काडतुसांतल्या त्या दारूच्या भुकटीने हात, नखं, उशीचा अभ्रासुद्धा पिवळा! "रोजची हळद, नवरदेवाचा पत्ता नाही!" म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली. माझं डोकं मात्र बंद पडलंय.

९ डिसेंबर

हिंदीत उतरवून दिलं एकदाचं. 'अक्सर पाली छूट जाती थी.' जसं सांगितलं तसं.

१३ डिसेंबर

सुमित्राजींनी समासात शेरा मारला — बायका घरकामापायी गैरहजर राहत. वर म्हणाल्या, "इनकी बात का भरोसा नहीं." मावशीचं पान पुस्तकातून गळणार! सी-स्कीममधल्या घरापर्यंत सायकल मारत आले ती रागाने धुमसतच. राग कोणाचा, तेही कळेना. तो काढला मावशीवर. "नीट आठवत नाही तर सांगतेस कशाला?"

ती खाली मान घालून विणत राहिली. फार वाईट वागले मी.

१४ डिसेंबर

मावशी जेवली नाही.

१५ डिसेंबर

आईला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, आपण बाजूला बसणं म्हणतो ना, ते! त्यालाही पाळीच म्हणतात."

मतलब — अरे देवा! शिफ्टला तोच शब्द आणि त्यालाही तोच? जयपुरात वाढलेली मी, मला हिंदीतली पाली तेवढी ठाऊक. त्या भुकटीने त्यांची अंगं बिघडत होती आणि मी त्यांना कामचुकार ठरवून मोकळी!

मग दार लोटून आईने आणखी एक सांगितलं. लढाईनंतर लग्न झालं, पण मूल होईना म्हणून सासरच्यांनी मावशीला माघारी धाडलं. मला वाटायचं, ती आपल्या मर्जीने राहते आमच्याकडे.

मावशीचे पाय धरले. "ऊठ गं. मला वाटलं, शिकलेली पोरगी, तुला समजतंय सगळं."

१७ डिसेंबर

सुमित्राजींकडून कागद परत आणले. नव्याने लिहितेय. पण मावशी एकटीच सांगतेय, त्या मानतील? मावशी म्हणाली, भागुबाईला विचार, कारखान्यात माझ्याच बाकावर शेजारी बसायची. पत्र टाकलं.

८ जानेवारी १९६६

भागुबाईंचं उत्तर आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मावशीला वाचून दाखवलं. त्यांचीही पाळी तशीच चुकायची. त्यांनाही मूल नाही. त्या बाकावरच्या सहा जणींपैकी चौघींना नाही.

मावशीने पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं. मग विचारलं — मला! —

"चारू, म्हणजे खोट माझ्यात नव्हती का गं?"