वस्तरा माझ्याकडे आहे

दादा,

काल फोनवर तू सांगितलंस की आईच्या छातीतली गाठ काढली त्याआधीच तिच्यातल्या चार पेशी निसटून हाडात जाऊन झोपल्या होत्या. नऊ वर्षं त्या वाढल्या नाहीत, तपासणीत दिसल्या नाहीत. आता जाग्या झाल्या आणि तिची कंबर धरली. मी रंगारी, कोरड्या दिसणाऱ्या भिंतीतली ओल ओळखतो. पण आई किती ठणठणीत होती रे!

खरं सांगू? हे ऐकल्यावर आधी मनात आलं, आता आई मला बोलावेल. मागच्या वेळी तुझी परीक्षा होती, म्हणून सातवीतून शाळा सोडून मीच तिच्या उशाशी बसलो होतो. औषधानं केस गळायला लागले तेव्हा तिचं डोकं मीच भादरलं. ती हसून म्हणाली होती, "पाटीवर गिरवलं नाहीस, आता माझ्या टकलावर गिरव!"

पण काल फोनवर तुझ्या मागून तिचाच आवाज आला, "धाकट्याला कशाला त्रास? तू आहेस ना जवळ." माझा नुसता जळफळाट झाला. आईच्या दुखण्यातही वाटा मागणारा मुलगा कुठे पाहिलायस?

तिला भरव, उचल, सगळं कर. पण पुन्हा केस गळायला लागले तर तिच्या डोक्याला हात लावू नकोस. तो वस्तरा माझ्या पेटीत आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या मुकादमाकडे रजा मागतोय. नाही दिली तरी निघतोय.

तुझा जळका धाकटा