बारावं नाव

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली. आजपासून ईस्टरपर्यंत उपासाचे चाळीस दिवस, मन फक्त वरच्या गोष्टींवर. न्हावा शेवा बंदरातली नोकरी सोडली तेव्हापासूनच हे मनात होतं. जगाची सगळी कटकट फोनमधून घरात शिरते. म्हणून फोन कपाटात, चावी मायकडे.
मायने विचारलं, मग डॉक्टरला फोटो कोण धाडनार. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला शुगरची जखम आहे. अलिबागच्या डॉ. सलिलना रोज व्हॉट्सॲपवर जखमेचा फोटो हवा असतो, रंग बदलला तर लगेच कळावं म्हणून. म्हटलं, देवाला फोटो लागत नाहीत. तिने चावी पदराला बांधली. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी, पहाटे ५.३०
चिंतन. बाहेर सुकटीचा वास. मन कालवणाकडे गेलं. ५.४० ला पुन्हा आडवा झालो.

२२ फेब्रुवारी, रविवार
चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. माझी पळवाट नव्हे, नियमच आहे. चावी मागून घेतली. तीन तास प्रवचनं पाहिली, मधे थोडी मॅच. डॉक्टरांचे चार मेसेज. रविवारी कामाचं बोलू नये एवढं शिकलेल्या माणसाला कळू नये?

४ मार्च
पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. दरवर्षी इनासचा नंबर लागतो. होडीवरचा माणूस, टाचा बघवत नाहीत. नम्रतेत मी त्याच्या दसपट आहे. फादरना हे जाऊन सांगितलं. त्यांनी मायची तब्येत विचारली. म्हणजे मी लक्षात राहिलो.

९ मार्च
शेजारची हेमांगी सरकारी दवाखान्याची आशाताई आहे, मायचं ड्रेसिंग करते. आज मला सुनावलं, जखमेला वास येतोय, फोटो धाडा, हात झिजनार न्हाय तुमचा. म्हटलं, वास सुकटीचा आहे. या लोकांना देहापलीकडे काही दिसत नाही.

१७ मार्च
स्वतःच्या टाचा पाहिल्या. भेगा. असे पाय फादरांपुढे धरणं हा त्यांचा अपमान. मायचं जखमेचं मलम लावून पाहिलं. कमाल आहे. फादर फक्त उजवाच पाय धुतात, म्हणून उजव्यालाच लावतो. काटकसरही पुण्यच.

२४ मार्च
मलम संपलं. अलिबागला जायला हवं, पण मौनाचा आठवडा ठरवलाय. मायला कागदावर लिहून दाखवलं, थोडं सोसायला शिक. तिला चष्म्याशिवाय वाचता आलं नाही.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
यादी लागली. बारावं नाव माझं. इनास नाही.
फादर म्हणाले, आईच्या पायाशी बसून असतोस, रोज जखम धुतोस, तुझे पाय आम्ही धुवायलाच हवेत. त्यांना हे कोणी सांगितलं? फादर म्हणाले, मायनेच. आजारी म्हणून तिला घरी कम्युनियनचा प्रसाद द्यायला गेले होते तेव्हा. क्षणभर कसंतरी झालं. मग वाटलं, साध्या बाईच्या तोंडून देवच बोलला असेल.

१ एप्रिल
मायला ताप. अंगठा काळा पडलाय. अलिबागला ने म्हणते. म्हटलं, उद्याचा विधी होऊ दे, परवा पहिल्या रिक्षाने. एवढ्या वर्षांत एकदा आपला नंबर लागतोय आणि हिला आजच ताप यावा. पांढरी पँट इस्त्रीला दिली.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार, दुपारी ३
चर्चची झाडलोट करून आलो तर घर रिकामं. हेमांगी मला न विचारता मायला घेऊन अलिबागला गेली. रविवारी चार्ज केलेला फोन कपाटात सारखा वाजतोय. उघडला नाही. संयम. (चावी मायच्या पदराला आहे.)

संध्याकाळी ७.३०
झालं. कोमट पाणी, मऊ टॉवेल. फादरांनी पायाचं चुंबन घेतलं. टाच अगदी लोण्यासारखी. मला रडू आलं. मागच्या बाकावरच्या बायकाही रडल्या.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार, अलिबाग
मायचा पाय गुडघ्याखाली कापला. काल दुपारी ऑपरेशनसाठी माझी सही हवी होती. शेवटी मायनेच केली.
डॉक्टर म्हणाले, महिन्याभरापूर्वी एक फोटो आला असता तर फार तर अंगठा गेला असता. मी म्हटलं, देवाची इच्छा. ते खोलीतून निघून गेले.
माय जागी झाली. आधी कपाटाची चावी माझ्या हातात दिली. मग विचारलं, सगळं नीट झालं ना, पानी गरम होतं ना. हो म्हटलं. कुठला पाय धुतला, म्हणाली.
उजवा.
तिने चादरीवरून हात फिरवला, पाय संपतो तिथपर्यंत. म्हणाली, बरं झालं, घरातला एक तरी चांगला राहिला. मग म्हणाली, दाखव बघू.
मी पाय स्टुलाखाली घेतला.