बा, तू काय काय सोडलंस

बा, तुझ्या वयाला मागे टाकून मला किती वर्षं झाली. तरी तुला लिहायचं म्हटलं की भीती वाटते. चुकलं तर तू रागावशील असं वाटतं, तुला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही.

कारण झालं माझ्या नातीचं. ती यवतमाळला कॉलेजात आहे आणि घरी मोबाइलवर स्पॅनिश शिकते, स्पेन देशाची भाषा. परवा वैतागून म्हणाली, "आबाजी, या 'देहार'नं डोकं खाल्लं माझं. एकच क्रियापद! टाकून जाणं म्हंजे देहार, बिडी बंद करणं देहार, कोणाले स्टँडवर पोचवणं देहार, जाऊ देणं बी देहार. माणसानं समजावं कसं?" मी म्हटलं, "त्यात काय बाई, आपलं सोडणं हाये ते. बायको सोडली, बिडी सोडली, पाव्हण्याले स्टँडवर सोडलं, चोराले सोडलं." ती हसायला लागली. "मंग माहा पेपर तुमीच द्या आबाजी!" ती हसली, पण मला जेवण गेलं नाही. तुझा आवाज कानात बसला होता. सोडलं म्हंजे सोडलं.

तू नागपूरहून दीक्षा घेऊन आलास तेव्हा मी चौथीत होतो. गावात कोणाचंही ढोर मेलं की ते ओढून न्यायला बोलावणं आपल्याच घरी यायचं, आजा-पणजापासून. तू दारात उभा राहून सांगितलंस, आजपासून ते काम सोडलं. आई भांडी घासत होती. म्हणाली, "आन खाचं काय?" तू म्हणालास, "मजुरी करू." ती म्हणाली, "मजुरी देनारा बी तोच हाये, ज्याचं ढोर मरते."

पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल शाळेमागच्या बाभळीखाली मेला. माझी चौथीची परीक्षा तोंडावर आलेली. पाटलाचा माणूस दाराशी आला. तू म्हणालास, "सोडलं म्या ते काम." "कायले सोडलं बे? आता काय कलेक्टर होतं का?" असं म्हणून तो हसत गेला. बैल तिथंच राहिला. उन्हानं फुगला, वास वर्गात शिरला. गुरुजींनी नाकाला रुमाल लावून पोरांना घरी पाठवलं आणि मला थांबवलं. "बापाले सांग, एवढी एक खेप ओढून टाक म्हना. बैल गेला की शाळा उघडतो. नाहीतर परीक्षा घेऊ कशी?" गुरुजी वाईट नव्हते. बाहेरगावचे होते, त्यांचं ताट पाटलाच्या घरून यायचं. मी घरी येऊन रडलो. तू बाज विणत होतास. मी म्हटलं, "बा, एकच खेप." तू मान वर केली नाहीस. म्हणालास, "एक खेप ओढली म्हंजे सोडलं नाही, लेका."

मग ती दुपार. ढोर ओढायचा दोर तू आढ्याला टांगून ठेवला होतास. काम सोडलं तर दोर का ठेवला, हे मला आजही कळत नाही. तो मी काढतो, उन्हात पळत जातो. कुत्री बाजूला होतात. डोळे मिटून बैलाच्या मागच्या पायांना दोर बांधतो, दुसरं टोक माझ्या कमरेला, आणि ओढतो. बैल हलत नाही. कमरेची गाठ मात्र आवळत जाते, श्वास घेता येत नाही. शाळेच्या ओट्यावर माणसं जमतात, पाटीलही येतो. कोणीतरी ओरडतो, "वा रे पठ्ठ्या! बापानं सोडलं, पोट्ट्यानं धरलं!" सगळे हसतात. तेवढ्यात तू दिसतोस. धावत नाहीस, चालत येतोस. मला वाटतं, आता मार बसणार. तू गुडघ्यावर बसतोस. गाठ निघत नाही, तेव्हा दातांनी सैल करून माझी कमर सोडवतोस. मग सरकून बैलाच्या पायाची गाठ सोडतोस. ज्या हातांनी मेल्या ढोराला शिवायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच हातांनी. पाटील म्हणतो, "लागला ना हात? आता ओढूनच टाक." तू दोर गुंडाळतोस, माझा हात धरतोस आणि घराकडे वळतोस.

घरी येऊन तू तो दोर चुलीत घातलास. अंबाडीचा दोर धुरावत जळत राहिला. धूर डोळ्यांत गेला, असं आई जेवण होईपर्यंत म्हणत होती.

शेवटी पाटलानं स्वतःची जोडी जुंपून बैल ओढला. शाळा उघडली, पण गुरुजींनी मला पायरीवरूनच परत पाठवलं. आपल्याला मजुरीही कोणी देईना, म्हणून आपण मारेगावला कापसाच्या जिनात गेलो. तू कापूस वाहायचास. त्याची धूळ तुझ्या छातीत बसली आणि काही वर्षांनी खोकत खोकत तू गेलास. मी पुन्हा वर्गात बसलो नाही. पेपर वाचतो, लिहितो असं अडखळत. एक ओळ लिहून तीनदा बघतो. नात विचारते, "आबाजी, शाळा काहून सोडली तुमी?" मी म्हणतो, "सोडली नाही. सुटली."

काल मीच तिला विचारलं, गाठ सोडणं, तेही देहारच का? मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "नाही, त्याले दुसरा शब्द हाये." का कोण जाणे, मला बरं वाटलं. तिला मी जास्त काही सांगितलं नाही. विहारात चारचौघांत मात्र तुझी गोष्ट सांगतो, बापानं मान झुकवली नाही म्हणतो, आणि माझा ऊर भरून येतो. ते खोटं नाही.

पण ही पानं मी कोणाला दाखवणार नाही. जाळायची तर घरात आता चूल नाही, गॅस आहे. गादीखाली ठेवीन, नंतर काय करायचं याची काळजी करत बसेन. बा, परीक्षेच्या दिवसांत पोरं कंपासपेटी घेऊन दारावरून जाताना दिसली की अजूनही मनात येतं, ती एक खेप तू ओढायला पाहिजे होती.