पेटीतली मिश्रीची डबी

औरंगपुरा, औरंगाबाद
वैशाखातली दुपार

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर चंद्रकलेचा नमस्कार.

उन्हाळ्यात परगावी निघालेल्या एकट्या मुलीला किती कपडे लागतात? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. मी या घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं असा सगळ्यांचा समज आहे. (मागं म्हशीचा कान सुजला तेव्हाही बापू आधी म्हशीकडे आणि मग माझ्याकडे बघत होते.) पण हा प्रश्न म्हशीच्या कानाहून अवघड आहे. माझ्या मते दोन सुती पातळं पुरतात, एक अंगावर आणि एक दोरीवर. आईच्या मते लोखंडी पेटी झाकण दाबून लावावी लागेल इतकी भरली पाहिजे. आणि तुमचं मत तुम्ही कार्डात लिहिलंच आहे, की चंद्रे, येताना जरा बरं नेसून ये, इथं चार माणसं येतात-जातात. आत्याबाई, ही चार माणसं कोण?

असो. ते पुढं विचारते. आधी मामांचा गुडघा कसा आहे? नाशकाला अजून संध्याकाळी वारा सुटतो का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे या उन्हात जेवढं खुशाल राहता येतं तेवढे. माठातलं पाणी दुपारपर्यंत चहा टाकण्याच्या लायकीचं होतं. बापू कचेरीतून टोपीखाली ओला रुमाल ठेवून घरी येतात आणि आल्या आल्या विचारतात, "झाली का पेटी?" पेटी माझी, प्रवास माझा, आणि चौकशी त्यांची. माझा संशय इथूनच सुरू झाला.

तुम्हाला ठाऊक आहे की मी नाशकाच्या प्रौढ साक्षरता शिबिराला येते आहे. तिथं शिकून पुढं आपल्या पिशोरला बायकांचा वर्ग काढायचा, असं मी मनाशी पक्कं केलं आहे. शिबिराचं नाव काढलं तेव्हा बापू नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. मी उत्तरं तयार ठेवली होती, त्यातली काही तर फार चांगली होती. कॉलेजात नाव घालताना त्यांनी किती दिवस आढेवेढे घेतले ते तुम्ही पाहिलंच आहे. पण या वेळी ते पान लावता लावता एवढंच म्हणाले, "जा की. लक्ष्मीकडं उतर म्हंजी झालं." माझी सगळी उत्तरं वाया गेली. आत्याबाई, ज्या माणसानं निजामाच्या कचेरीत नोकरीची सुरुवात केली आणि जो अजूनही घरातली नवी केरसुणी अर्जाशिवाय मंजूर करत नाही, तो एका पानात लेकीला परगावी जायला हो म्हणतो, याचा अर्थ काय? अर्थ एकच, की मुलगी दाखवायची आहे. आणि ती तुमच्या ओसरीवर दाखवायची आहे.

मी झोळी घेऊन जाणार होते. झोळी खांद्याला लागते, हात मोकळे राहतात, आणि खेड्यापाड्यातल्या बायकांसमोर पेटी घेऊन उतरणं मला बरं वाटत नाही. (त्यांना वाटायचं, ही काही शिकवायला आली नाही, नांदायला आली.) पण आईनं माळ्यावरून पेटी काढायला लावली, चिंच लावून कडीकोयंडे घासले, आणि मी माझी दोन पातळं तिच्यात ठेवली तेव्हा ती इतकी रिकामी दिसली की मलाच कसंतरी झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर तळाला एक लुगडं! आईचं ठेवणीतलं, हिरव्या रंगाचं इरकली, नऊवारी. मी सहावारी नेसते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी ते काढून परत गाठोड्यात ठेवलं. संध्याकाळी ते पुन्हा पेटीत. मी विचारलं तर सारजा वहिनी म्हणाली, "पेटीला पाय फुटले असतील वन्सं." आणि भाकरी थापता थापता तिनं पदर तोंडाला लावला.

मग मी तर्कानं चालायचं ठरवलं. नऊवारी लुगडं म्हणजे मुलाकडची माणसं जुन्या वळणाची आहेत. पुढं एक हिमरूची शाल आली. भर वैशाखात हिमरू! ही उघडच मुलाच्या वडिलांना द्यायची. मग चपला आल्या, कोऱ्या, शहागंजातून वहिनीनं आणलेल्या. मी पाय घालून पाहिला तर टाच दोन बोटं मागं बाहेर. याचा अर्थ लावायला मला थोडा वेळ लागला, पण लागला. मुलाकडच्यांना लहान पावलाची सून हवी आहे आणि तुम्ही माझी पावलं आहेत त्यापेक्षा लहान सांगून बसला आहात. (आत्याबाई, मुलीच्या पायांबद्दलसुद्धा खरं सांगता येऊ नये का?) आणि शेवटी मिश्रीची डबी. पितळेची, घट्ट झाकणाची. झाकण उघडून मी वास घेतला, मिश्रीच. मी दात कडुलिंबाच्या काडीनं घासते हे तुम्ही जाणता. तेव्हा ही डबी सासूसाठी! सासू मिश्री लावणारी, आणि पहिल्याच भेटीत होणाऱ्या सुनेनं नम्रपणानं डबी पुढं करायची, असा हा बेत. इतका बारकाईनं केलेला बेत बापूंच्या डोक्यातून निघणं शक्य नाही. त्यात तुमचा हात आहे, असं मला तेव्हा वाटलं, आणि ते मी मोकळेपणानं लिहिते कारण मनात ठेवलं तर तुमच्या घरचं पाणी मला गोड लागणार नाही.

बापूंना मी सरळ विचारलं, "बापू, पेटीत आईचं लुगडं कुणी ठेवलं?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "लुगड्याचं मला काय विचारती? ती बायकांची बाब हाय." पण त्यांचे कान लाल झाले होते. आरोपीचे कान लाल झाले म्हणजे पुरावा झाला, असं मी मानलं आणि मनात भाषणही तयार केलं. पाहुण्यांसमोर खादीचं पातळ नेसून यायचं, मिश्रीची डबी मधोमध ठेवायची आणि विचारायचं, की तुमच्या गावात अक्षर ओळखणाऱ्या बायका किती? लग्न ठरलं तर पिशोरचा वर्ग संपला, हे मला समजत होतं. मुलाकडचे लोक लग्नाआधी मुलीच्या शिक्षणाचं कौतुक करतात आणि नंतर तिला वाण्याची यादी लिहायला लावतात. मी घाबरले होते आत्याबाई, आणि घाबरले की मी भाषणं तयार करते.

शेवटी पेटी भरणारा हात पकडायचा असं ठरवून, दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मीही तोंडावर पदर घेऊन पेटीजवळ पडून राहिले. बाहेर झळा. खिडकीच्या तट्ट्यावर मारलेलं पाणी वाळत आलेलं. तेवढ्यात आई आली. चोरपावलानं, स्वतःच्या घरात. तिनं पेटी उघडली. ठेवलं काहीच नाही. उलट ते हिरवं लुगडं बाहेर काढलं, मांडीवर घेतलं, घड्या चापूनचोपून परत ठेवलं. मग चपला काढल्या, पायात घातल्या (बरोबर बसल्या, आत्याबाई, अगदी मापाच्या) आणि पेटीपासून दारापर्यंत चालत गेली. दारातून बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. परत आली. चपलांचे तळवे पदरानं पुसले आणि पेटीत ठेवून दिल्या.

मी उठून बसले. "आई, ह्या चपला कुणाच्या?"

आई दचकली, पण हार मानली नाही. "कुनाच्या म्हंजी? पेटीच्या."

"आणि मिश्री?"

"ती बी पेटीचीच."

मग मात्र ती जमिनीवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रझाकाराच्या टायमाला पिशोराहून निघालो, तवा आधी बोचकी गेली गाडीत. जागा उरली तवा मला म्हनले, चल बस. तू मांडीवर व्हतीस. घाट उतरून चाळीसगाव. त्याच्याबिगर मी कुठं गेले सांग? म्हनलं, आपलं सामान आधी पेटीत जाऊ द्यावं. सामान गेलं का मानसाला कुनी ऱ्हा म्हनत नाय."

माझी दोन पातळं त्या पेटीत एका कोपऱ्याला होती आणि बाकी सगळी पेटी तिची होती, हे मी रोज आत हात घालूनही पाहिलं नव्हतं. हिमरूची शालसुद्धा तुमच्यासाठी आहे. नणंदेच्या घरी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं कसं, असं तिचं म्हणणं. सारजा वहिनी मागून दारातच उभी होती. "वन्सं," ती म्हणाली, "तुमी तर्क करत व्हत्या, आमी चपला बसतील का म्हनत व्हतो. त्या सासूबाईंच्या पायात बघितल्या आसत्या तर तर्कच बदलला आसता तुमचा!" आईचा पाय धरून तिनं दोऱ्यानं माप घेतलं होतं म्हणे, आई झोपेत आहे असं समजून. आई झोपेत नव्हती.

संध्याकाळी मी बापूंना म्हटलं, आईला घेऊन जाते. बापूंचं पान हातातच राहिलं. "आगं, पन लक्ष्मीला आदी लिहून इचाराया नको? पत्र लिही. तिची मंजुरी येऊ दे. मग तजवीज करू." बापूंची तजवीज म्हणजे काय ते तुम्ही त्यांची बहीण असल्यानं माझ्याहून जास्त जाणता. तजवीज होईपर्यंत शिबिर संपेल, पाऊस पडेल आणि लुगडं परत गाठोड्यात जाईल.

तरीपण वडिलांची आज्ञा मोडणारी मी नव्हे. त्यांनी पत्र लिही म्हटलं, म्हणून हे लिहिते आहे. तर आत्याबाई, आईला माझ्यासोबत तुमच्याकडे आणलं तर चालेल का? तुमचा होकार-नकार काय असेल तो कळवावा. आणि मनात तुमच्यावर जो संशय घेतला त्याबद्दल क्षमा असावी. मामांच्या गुडघ्याला ओव्याचं तेल चोळत जा.

आपली आज्ञाधारक भाची,
चंद्रकला

ता. क. उत्तर पाठवायची तसदी घेऊ नये. हे पत्र तुमच्या हातात देणारी बाई म्हणजेच आई. बापूंनी पत्र लिहायला सांगितलं, पोस्टात टाकायला सांगितलं नाही, आणि मंजुरी तर ती तुमच्या दारात उभी राहिल्यावर तुम्ही द्यालच. बापू कचेरीत गेल्यावर आम्ही निघालो. त्यांना सांगायचं काम वहिनीनं घेतलं आहे. ती म्हणाली, "जेवायला वाढताना सांगते. तोंडात घास आसला का मानूस वरडत नाय." खरी विनंती अशी की शिबिर संपेपर्यंत आईला ठेवून घ्यावं. स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये. ती पहिल्याच दिवशी तुमच्या शेवया वळायला बसेल. रोज संध्याकाळी चपला घालून गोदावरीवर न्यावं. घाटावर बसल्या बसल्या ती काही बोलणार नाही. तिला बोलतं करू नये.

आणखी ता. क. हे येवल्याच्या स्टँडवर पेन्सिलीनं लिहिते आहे. आई खिडकीशी बसली आहे. इथपर्यंत तिनं डोळ्याला पदर लावला नाही, धुळीलासुद्धा नाही. मी सहज विचारलं, "आई, आत्याकडं ती चार माणसं कोण येतात गं?" तर म्हणते, "कोन म्हंजी? रईवारी पाव्हणे. पोरगा ओव्हरसियर हाय म्हनं. वन्संनी लिवलं, तुझ्या बापानं व्हय म्हनलं. तुला ठावं नाय? मग दिसभर पेटी कशापायी उचकत व्हतीस?" म्हणजे आत्याबाई, लुगडं खोटं, शाल खोटी, चपला खोट्या, मिश्री खोटी, माझा एकूण एक पुरावा खोटा निघाला आणि गुन्हा मात्र खरा! कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होतं. असं झालं तर काय म्हणायचं, ते त्या पुस्तकात नव्हतं. वर जी क्षमा मागितली आहे ती परत घेते. बापूंच्या कानांचाही उलगडा झाला. मी आईला म्हटलं, मग तू मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं आसतं तर तू आलीच नसतीस. मग मी कशी येनार? अन् पोरगा कुनी बाईमानसानं आदी बघाया नको का? मला कुठं दावला व्हता तुझा बाप!"

शेवटचं ता. क. तुमच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. पेटी आईची, ती तिच्यापाशी ठेवली आहे. माझी दोन पातळं झोळीत काढून घेतली आणि शिबिरातच मुक्काम करायचं ठरवलं. रविवारी पाहुण्यांना दाखवायला हिरवं इरकली नेसलेली आई आहे, आणि पाहुण्यांना बघायलाही तीच आहे. तिनं ओव्हरसियरांना माझ्या वतीनं दोनच प्रश्न विचारायचे आहेत: उन्हाळ्यात परगावी जाताना ते किती कपडे नेतात आणि ते बांधून कोण देतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'माझं मीच' असं आलं तर मला शिबिराच्या पत्त्यावर कळवावं. मी पुढच्या रविवारी येईन. दुसरं काही आलं तर त्यांना चहा द्यावा आणि आईला गोदावरीवर न्यावं. बाहेर ऊन फार आहे आणि तुम्ही आत बहुतेक पापडांत आहात, म्हणून दार उघडायला वेळ लागतो आहे. कडी मी वाजवली आहे, पत्र आईच्या हातात दिलं आहे (हे शेवटचं वाक्य तिच्या हातातल्या कागदावरच लिहिते आहे, ती कागद हलवू नको म्हणते), आणि तुमच्या कडीचा आवाज आतून येईल तेव्हा मी गल्लीच्या वळणाशी पोचलेली असेन.