कणगीतली राख

आण्णा, तुमचा जन्म ज्या राखेत गेला तिच्यातूनच मी आता धातू काढते. हसू नका. परळीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आमचं केंद्र आहे. बॅटरीला, मोबाइलला लागणारे दुर्मिळ धातू खडकातून काढायचे तर भट्ट्या पेटवाव्या लागतात, ढीगभर कोळसा जळतो. आम्ही परळीच्या वीज केंद्रात जळलेल्या कोळशाची राख टाकीत भिजवतो, तिच्यात सूक्ष्मजीव वाढवतो आणि त्यांचं सौम्य आम्ल धातू हळूहळू सोडवून घेतं. विरजणासारखं काम, घाई चालत नाही. धूर नाही म्हणून पाहुणे येतात, फोटो काढतात, लई कौतुक होतं.

पण त्या आम्लाला निवडानिवड कळत नाही. हव्या धातूबरोबर नको तेही उतरतं. पहिल्याच तपासणीत आर्सेनिक दिसलं, म्हणजे विषच, आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी सातवीत असेन. वीज केंद्राची राख ट्रॅक्टरवर भरायची हमाली करून तुम्ही येता, पोतं उतरवता आणि आईला म्हणता, "बघ, कसली बारीक हाय. चुलीची राख काय करती हिच्यापुढं." कीड लागू नये म्हणून मुगाला राख चोळून कणगीत भरायची आपली रीत. लोक चुलीची चोळायचे, आपल्या घरात तुम्ही आणलेली. आई दोन्ही हातांनी चोळते आहे. मी नाक मुरडलं तसे तुम्ही खेकसलात, "ह्याच राखंवर तुजी पुस्तकं येत्यात, नाक कावून मुरडती?" पुन्हा मी त्यावर बोलले नाही.

गेल्या महिन्यात टाकीतून काढलेली राख शेडबाहेर वाळत होती. गावातल्या दोन बायका पाट्या घेऊन आल्या, "ताई, धान्याला लावायला द्या की थोडी." मी अशी अंगावर गेले की बिचाऱ्या पाट्या टाकून पळाल्या. ते गावभर झालं, आईपर्यंत पोचलं.

तुम्ही गेल्यावर तिच्या किडन्याही गेल्या, आण्णा. आठवड्यातून दोनदा तिला अंबाजोगाईला डायलिसिसला नेते. परवा मशीनवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "बायकांना राख कावून दिली न्हाई?" मी सांगितलं, विषारी असते. ती म्हणाली, "मग ह्यांनी आणलेली?"

हे राखेमुळं झालं का, असं डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं. साखर आहे, बीपी आहे, आता नक्की कशानं ते सांगता येणार नाही, म्हणाले. म्हणजे खरं उत्तर 'माहीत नाही' एवढंच. मी म्हणाले, "न्हाई आई, ती चांगली होती." तिनं डोळे मिटले. "वाटलंच मला. ते तसलं घरात आणायचे न्हाईत."

हे कुठं पाठवायचं नाही म्हणून लिहिते. मी खोटं बोलले, पण ते तिला बरं वाटावं म्हणून नाही. तुमचा मला इतका राग आलाय की तिनं तुमच्याबद्दल एक शब्द वाईट काढला असता, तर मी लगेच हो म्हणाले असते, म्हणून तिला तो काढूच दिला नाही.