पोलाद ओळखणारा कान

३ मार्च, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. कारण एप्रिलपासून मी सीएनसी लेथ सेक्शनचा इनचार्ज होणार, आणि इनचार्ज माणसाने नोंदी ठेवायला हव्यात. जुने इनचार्ज महिनाअखेरीला रिटायर होतायत. मालकांनी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही. पण घेऊन घेऊन कुणाचं घेणार?

दुसरा दावेदार एकच. पलीकडच्या लेथवरचा चार्टवाला. कुठलंही पोलाद मशीनला लावण्याआधी हा माणूस खिशातून तक्ता काढतो, चष्मा पुसतो, स्पीड बघतो, फीड म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग बघतो, मग बटण दाबतो. एकोणीस वर्षांत मी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. कापायचं टूल टेकलं की नुसत्या आवाजावरून मी पोलादाचा ग्रेड सांगतो. सेक्शनमध्ये मला कानसेन म्हणतात. म्हणताना हसतात, पण ते कौतुकानेच.

बायकोला इनचार्जचं सांगून टाकलं. ती 'बरं' म्हणाली.

५ मार्च, बुधवार.
माइल्ड स्टीलचे बुश, म्हणजे छोट्या जाड नळ्या. माइल्ड स्टील म्हणजे गरीब पोलाद, कसंही कापा, तक्रार नाही. कापायला घेतलं. चिप, म्हणजे कापताना निघणारा पोलादाचा कीस, तुटेचना. लांबच लांब तार निघत गेली, तुकडा धरणाऱ्या चकभोवती गुंडाळली, टूलला गुंडाळली, मग मशीनच्या दारात अडकली. सगळं थांबवून आकडीने ओढत बसलो. अर्धा तास गेला. चार्टवाला येऊन म्हणाला की फीड थोडा वाढवा, चिप आपोआप तुटेल. म्हटलं, बघतो. तो गेल्यावर वाढवला. तुटली. मी वाढवणारच होतो.

संकल्प: उद्यापासून चार्टवाल्याशी कामापुरतंच बोलणे.

६ मार्च. तो स्वतःहून गुड मॉर्निंग म्हणाला. संकल्प मोडला. दोष त्याचा.

१० मार्च, सोमवार.
स्टेनलेस. महाग माल, म्हणून हलक्या हाताने घेतला. अगदी बारीक कट, फीड नावापुरता. आणि हेच त्याला चालत नाही. टूल नुसतं घासत राहिलं की त्याचा वरचा थर आणखी कडक होतो. लाड केले की डोक्यावर बसणारं पोलाद. मला हे माहीत होतंच, फक्त वेळेवर आठवलं नाही. दुपारपर्यंत टूलच्या टोकाचे चार इन्सर्ट गेले. चौथा जाताना अशी किंकाळी फुटली की पॅकिंगमधल्यांनीही माना वर केल्या. मी मात्र आवाजावरून लगेच जाहीर केलं: स्टेनलेस.

क्वालिटीच्या बाई म्हणाल्या की ते जॉबकार्डवर लिहिलेलंच आहे.

११ मार्च.
बायकोने विचारलं, पत्र कधी मिळणार. म्हटलं, पत्र काय, फॉर्मॅलिटी. मग मीच विचारलं, ताईला कळवलंस का. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. साडू गेल्या वर्षी त्यांच्या ऑफिसात विभागप्रमुख झाले, तेव्हा आम्हाला तीनदा जेवायला बोलावलं होतं आणि तिन्ही वेळा जेवणापेक्षा खुर्चीचीच चर्चा जास्त झाली. आता आमची पाळी. बायको म्हणाली, कळवते. छान.

१७ मार्च, सोमवार. सकाळी साडेनऊ.
संधी! क्रेनसाठी बारा शाफ्ट, ईएन-२४ पोलादाचे. चिवट, तापट माल. मालकांनी मला आणि चार्टवाल्याला समोर उभं केलं आणि सांगितलं की हे शाफ्ट वजन उचलणार आहेत, गडबड चालणार नाही, आणि इनचार्ज कोण ते या कामानंतर ठरेल. काम कुणाला दिलं? मला! चार्टवाल्याला ईएन-८ या मऊ पोलादाच्या बारा साध्या पिना. शेजारून बघून शिकेल बिचारा.

दुपारी दोन.
दोन्हीचे बार एकाच जाडीचे. दिसायला सख्खे भाऊ. ओळख एवढीच की टोकाला रंग असतो, ईएन-२४ला निळा, ईएन-८ला पिवळा. नियम असा की कापायला बिनरंगाच्या बाजूने सुरुवात करायची आणि रंगाचं टोक शेवटपर्यंत राखायचं. मी रंगाची टोकंच आधी उडवली. रंग कूलंटमध्ये, म्हणजे टूल गार ठेवणाऱ्या पाण्यात उतरतो, टाकी घाण होते. स्वच्छतेच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. मोठ्या मनाने चार्टवाल्याचेही बार कापले आणि चोवीसच्या चोवीस तुकडे एका ट्रॉलीत टापटीप रचले.

दुपारी अडीच.
आता कुठले कुणाचे, एवढाच किरकोळ प्रश्न.

दुपारी चार.
क्वालिटीच्या बाईंकडे तपासणीचं यंत्र आहे. पण त्यांना सांगायचं म्हणजे रंगाच्या टोकांचंही सांगावं लागणार. शिवाय कान कशाला दिलाय? एकेक तुकडा मशीनला लावला, टूल हलकेच टेकवलं, डोळे मिटून ऐकलं. मऊ गुणगुणला तो ईएन-८, जड हुंकार दिला तो ईएन-२४. निकाल: आठ आणि सोळा. चार जास्त झाले. पुन्हा ऐकलं. दुसऱ्या खेपेला चौघांचा आवाज स्पष्टपणे वेगळा लागला. बारा आणि बारा. हिशेब जुळला म्हणजे ओळख बरोबर. चार्टवाल्याचे बारा त्याच्या बाकावर नेऊन ठेवले.

१९ मार्च, बुधवार.
सहा शाफ्ट तयार. ईएन-२४ माझ्या हाताखाली लोण्यासारखं कापलं जातंय. चिप छोट्या, सुबक. इन्सर्ट एकही बदलावा लागला नाही. लोक या पोलादाचा उगीच बाऊ करतात.

चार्टवाल्याचे मात्र साध्या ईएन-८वर हाल चाललेत. इन्सर्टमागून इन्सर्ट. चिप तापून निळ्या पडतायत. तक्त्यातले आकडे तीन-तीनदा तपासून झाले. दया आली. जवळ जाऊन सांगितलं की तो कागद फेका आणि कान लावा. त्याने मशीन थांबवलं. तुकडा फडक्यात गुंडाळून बाईंच्या खोलीकडे गेला. रडायला गेला असावा.

२० मार्च, गुरुवार.
रडायला गेला नव्हता.

त्याचा तुकडा यंत्रावर ईएन-२४ निघाला. मग बाईंनी माझे झालेले शाफ्ट आणि उरलेले तुकडे, सगळे बारा तपासले. आठ ईएन-८ निघाले. मालक म्हणाले की हे क्रेनला लागले असते, तुटले असते आणि खाली कुणी उभं असतं तर? मी म्हटलं, पण चार बरोबर आलेत. बाई शांतपणे म्हणाल्या की डोळे मिटून उचलले असते तरी सहा आले असते. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२१ मार्च. ट्रॉलीची चाकं करकरतात. ऐकताना त्याचा अडथळा झाला असणार. मेंटेनन्सला तसा अर्ज लिहिला. दिला नाही.

२४ मार्च, सोमवार.
संकल्प: तक्ता पाठ करणे. चार्टवाल्याकडे मागणार नाही. त्यानेच झेरॉक्स काढून माझ्या टूलबॉक्सवर ठेवली. उचलली नाही. संध्याकाळी कुणी बघत नाहीसं पाहून उचलली.

निकाल अजून नाही. मोठं पद देण्याआधी माणसाला जरा दबवून बघतात, असं असेल.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
फलकावर कागद लागला. इनचार्ज: चार्टवाला. त्याने येऊन हात मिळवला. तक्त्याचा विषय काढला नाही. त्यामुळे जास्त लागलं.

घरी आलो. बायकोसमोर बसून सगळं सांगितलं. रंगाची टोकं, आठ आणि सोळा, चार बरोबर, क्रेनखालचा माणूस. इतकं खरं मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो असेन. शेवटी म्हटलं, ताईंना मीच फोन करतो, इनचार्ज झालो नाही म्हणून सांगतो, तुझी मान खाली जायला नको.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली की फोन नको. ताईला तिने काही कळवलंच नव्हतं. साडूंना नाही, शेजारी नाही, कुणालाच नाही. विचारलं, का? म्हणाली की मी सांगितलं त्याच दिवशी तिला अंदाज आला होता.

म्हणजे चारचौघांत लाज गेलेली नाही. आनंद व्हायला हवा. अजून झालेला नाही, पण होईल थोड्या वेळाने.